नष्ट करावयाच्या फायलींची यादी

ती घटना मला आजही क्रमवार सांगता येते. नावे मात्र सांगणार नाही. ते कुटुंब कोल्हापुरातच राहते आणि मंडईत भेट झाली, तर थांबून दोन शब्द बोलते.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षे होती. शहरातील एका पोलीस ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. मध्यमवर्गीय घरांत तेव्हा नुकतेच संगणक येऊ लागले होते. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर संगणक आणि त्यावर क्रोशाचा झाकणरुमाल, अशी ती मांडणी असे. इंटरनेट फोनच्या तारेवरून चाले. ते सुरू असेपर्यंत घरचा फोन बंद राही. आमच्या ठाण्यातही एक संगणक होता, पण त्यावर मासिक तक्ते टाइप करण्यापलीकडे काही होत नसे.

एका बुधवारी सकाळची हजेरी संपली होती. त्या भागात दूध घालणारा गवळी किटली घेऊन आमच्या हवालदारांशी बोलत उभा होता. मी व्हरांड्यातून जाताना त्याचा आवाज कानावर पडला.

"हवालदार, त्या पेन्शनर साहेबांच्या घरात काय तरी झालंय बगा. रोज लिटरभर दूध घेत्यात. काल बी न्हाई, आज बी न्हाई. वैनी दार जरा किलकिलं करत्यात आन् म्हणत्यात, 'नको आज.' आन् पोरगी दोन दिस झालं दिसंना."

"अरं, पावण्याकडं गेली असंल की."

"ती गेली असंल, म्हंजे ह्या दोघांनी चा सोडला व्हय? तुमी पोलीस हाय का कोन?"

हवालदार हसले. मी हसलो नाही. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. घरात काही बिघडल्याची पहिली चाहूल नातेवाइकांना लागत नाही. जो माणूस रोज ठरावीक वेळी दारात येतो, त्याला ती लागते. मी हवालदारांना बरोबर घेऊन त्या घरी गेलो.

घरमालक साठीचे. एका सरकारी कार्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ ते अभिलेखपाल होते, म्हणजे जुन्या दप्तराची राखण करणारे कर्मचारी. मूळचे कुरुंदवाडचे, घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारे. पत्नी आणि एकुलती एक मुलगी, एवढाच परिवार. मुलगी तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, नोकरीच्या शोधात असलेली. ती वडिलांना अप्पा आणि आईला अव्वा म्हणे.

"मुलगी कुरुंदवाडला आत्याकडे गेली आहे," अप्पांनी सांगितले. वाक्य नीट होते, पण ते बोलताना त्यांनी पत्नीकडे पाहिले नाही.

मी त्यांच्याच फोनवरून कुरुंदवाड पोलीस ठाण्याशी बोललो आणि आत्याच्या घरी माणूस पाठवण्याची विनंती केली. तासाभरात उत्तर आले. मुलगी तिकडे आलेली नव्हती. तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला. "सोमवारी सकाळी क्लासला जाते म्हणून गेली साहेब. पिशवीत कपडे घेतलेलं मला नंतर कळलं. हे म्हणाले, गप बस, चार दिवसांत येईल, गावात बोभाटा नको."

मी आईचा जबाब घेऊन मिसिंग रजिस्टरला नोंद केली, मुलीचे वर्णन बिनतारी संदेशाने सर्व ठाण्यांना पाठवले आणि घराची पाहणी केली. मुलीच्या कपाटात चिठ्ठी नव्हती. तिची महाविद्यालयाची मूळ प्रमाणपत्रेही जागेवर नव्हती. मग माझे लक्ष संगणकाकडे गेले.

पडद्याच्या कडेला पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवला होता. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'दर शनिवारी. एक, टेंपररी फाइल्स काढणे. दोन, इंटरनेटच्या टेंपररी फाइल्स काढणे. तीन, हिस्टरी पुसणे. चार, रिसायकल बिन रिकामा करणे. पाच, डिफ्रॅग.'

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. इंटरनेटवर आपण एखादे पान पाहिले की त्या पानाचे तुकडे संगणक स्वतःजवळ साठवून ठेवतो. मजकुराची एक फाइल होते, प्रत्येक चित्राची वेगळी फाइल होते. हा साठा वाढला की यंत्र मंद होते, म्हणून तो अधूनमधून काढावा लागतो. डिफ्रॅग म्हणजे त्यानंतर उरलेल्या फायली सलग मांडणे. हे शिस्तीचे काम आहे, त्यात गैर काहीच नाही.

राजारामपुरीतून संगणक दुरुस्त करणारा एक मेकॅनिक बोलावला. त्याने पंधरा मिनिटे पाहिले आणि मान हलवली.

"साहेब, साफसफाई मंगळवारी पहाटे केलीया. पावणेसहाला. हिथं टाइम पडलाय."

"पुसलेले परत मिळते ना?"

"मिळालं असतं की. पर वरनं डिफ्रॅग बी मारलंय. जुन्या जागंवर दुसरं येऊन बसलं. पुण्याला न्हेऊन बगा, पर आठ-पंधरा दिस जातील, आन् घावंलच असं मी सांगनार न्हाई."

पुठ्ठ्यावर शनिवार लिहिलेला. मुलगी गेली सोमवारी. संगणक साफ झाला मंगळवारी पहाटे. आणि वडील सांगतात की ती आत्याकडे आहे. या चार गोष्टी शेजारी ठेवल्यावर कोणाही पोलीस अधिकाऱ्याच्या मनात जे येईल, तेच माझ्या मनात आले. घरातच काही विपरीत घडले असावे, असे मला वाटले. माझी चूक इथे झाली आणि तिच्यापायी दोन दिवस गेले.

गुरुवारी सकाळी मी अप्पांना ठाण्यात बोलावले. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसले आणि चहाचा कप त्यांनी तसाच ठेवला.

"मंगळवारी संगणक का साफ केलात?"

"कचरा साठला होता."

"शनिवारी काढलाच होता की."

त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली.

"मुलीशी भांडण झाले होते?"

"नाही."

"मग काय लपवता आहात?"

"साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या घरातलं माझ्या घरात राहू द्या."

चार तासांत याहून अधिक काही निघाले नाही. मी त्यांच्या पेठेतील विहिरी पाहण्यास आणि नदीकाठी चौकशी करण्यास माणसे पाठवली. ही बातमी घरी पोचली तेव्हा त्यांची पत्नी अनवाणी ठाण्यात आली. बाकावर बसलेल्या नवऱ्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "अवो, हिरीत गळ टाकायला लागल्यात! आता तरी बोला की! माझी पोर हिरीत शोधायलेत आणि तुम्हाला गावाची पडलीय!"

अप्पांनी पायांतल्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या.

शुक्रवारी मी अप्पांना पुन्हा बोलावून घेतले होते. दुपारी आमचे लेखनिक हवालदार एक कागद सहीसाठी घेऊन आले. ठाण्यातील मुदत संपलेली जुनी रजिस्टरे जाळायची होती, त्याची ती यादी होती. सरकारी दप्तराचा नियम असा की, कोणताही अभिलेख नष्ट करण्यापूर्वी त्याची यादी करावी लागते. अनुक्रमांक, विषय, दिनांक, शेरा. यादी फायलीला राहते, मग कागद जाळतात. मी पेन उचलले आणि उघड्या दारातून बाहेर पाहिले. अप्पा बाकावर ताठ बसले होते. ज्या माणसाने उभ्या नोकरीत यादीशिवाय कागदाचा एक कपटा जाळला नसेल, तो माणूस.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि सहज विचारले, "अप्पा, मंगळवारच्या फायलींची नष्टीकरण यादी कुठे ठेवली आहे?"

"देवघराच्या खालच्या खणात," ते तत्काळ म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांना उमगले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "यादी केल्याशिवाय नष्ट कसं करणार, साहेब?"

"दर शनिवारी करता?"

"शनिवारचा नुसता कचरा असतो. तो मी उघडत नाही. हे... हे मी उघडून पाहिलं होतं. पाहिलेल्या कागदाची नोंद ठेवावीच लागते."

दोन पंचांना घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि यादी पंचनाम्याने ताब्यात घेतली. फुलस्केपचे दोन कागद, पट्टीने आखलेले रकाने. फाइलचे नाव, साठवल्याचा दिनांक, वेळ, स्वरूप, शेरा. एकूण सव्वीस नोंदी. स्वरूपाच्या रकान्यात 'तरुणाचे छायाचित्र, पांढरा गणवेश' असे होते. पुढे दोन ठिकाणी 'तोच तरुण'. शेवटी शेरा होता: 'मुलीचे बाहेर संबंध असावेत.'

वडिलांनी गप्प राहण्याचे कारण हे होते.

मी मेकॅनिकला पुन्हा बोलावले. त्याने यादीवर बोट फिरवले. "अप्पा, ह्यो गणवेशवाला, ह्ये जहाज, ह्यो फॉर्म, ह्यो मडगावचा नकाशा, समद्याचा टाइम बगा की. रविवारी चार वाजून अकरा मिनिटं. ह्ये एकच पान हाय! पानाचं तुकडं हुत्यात न्हवं का? तुमी तुकडं येगयेगळं बघितलासा."

अप्पांनी यादी जवळ ओढून तो रकाना वाचला. वेळ त्यांनीच लिहिली होती. चित्रांच्या नोंदी मजकुराच्या नोंदींशी जुळवून पाहाव्यात, हे मात्र त्यांना सुचले नव्हते. त्या तरुणाचा चेहरा दिसल्यावर पुढचे काही दिसले नसावे.

यादीतील एका फाइलच्या नावात भरती करणाऱ्या संस्थेचे नाव होते. मेकॅनिकने ते आपल्या दुकानातील संगणकावर शोधले आणि ते पान जसेच्या तसे उघडले. जहाजावर नोकरीचे आमिष, फक्त मुलींसाठी. मूळ प्रमाणपत्रे घेऊन मडगावच्या अमुक लॉजवर हजर राहावे, शनिवारी सकाळी सर्वांना पुढील प्रशिक्षणासाठी नेले जाईल, घरच्यांना फोन करण्याची सोय तेथे नाही. कुठे नेले जाईल, ते लिहिले नव्हते. गणवेशातील तो तरुण जाहिरातीपुरता होता. कोणाचे तरी छायाचित्र उचलून लावलेले.

शुक्रवारचे साडेतीन वाजले होते. मी मडगाव पोलिसांना फोन केला, वर्णन आणि पत्ता दिला आणि आमचे फौजदार एका महिला शिपायासह जीपने रवाना केले. सायंकाळी सातच्या सुमारास मडगावहून फोन आला. लॉजच्या एका खोलीत पाच मुली मिळाल्या होत्या. प्रमाणपत्रे काढून घेतलेली, खोलीची किल्ली बाहेरच्या माणसाकडे. आमची मुलगी त्यांत होती, सुखरूप होती. किल्लीवाला इसमही ताब्यात होता.

आईला मी हे सांगितले तेव्हा ती जमिनीवरच बसली आणि कानडीत काही तरी म्हणाली. मला भाषा येत नव्हती, पण विचारावे लागले नाही.

शनिवारी दुपारी मुलगी ठाण्यात आली. जबाब देताना तिचा आवाज कापत नव्हता. घरी का सांगितले नाही, असे मी विचारले.

"अप्पांनी जाऊ दिलं नसतं. आणि शनिवारी अप्पा सगळं न बघता पुसतात, हे मला माहीत होतं. म्हणून घरच्याच कॉम्प्युटरवर बघत होते." मग तिने बाजूला बसलेल्या वडिलांना विचारले, "अप्पा, तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्यांनी तिची पिशवी उचलून हातात घेतली. मी यादी तिला दाखवली नाही.

पण ती यादी लपून राहणे शक्य नव्हते. खटला दोन वर्षांनी उभा राहिला. पान तोवर इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. मुलीने ते कधी, कुठून पाहिले, याचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे अप्पांच्या हातची यादी. ती सिद्ध करायला त्यांनाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागणार होते. मी त्यांना आधी समजावून सांगितले, शेराही वाचावा लागेल. ते म्हणाले, "दस्तऐवज अर्धा वाचत नाहीत, साहेब."

साक्षीच्या दिवशी मुलगी मागच्या बाकावर बसली होती. अप्पांनी सव्वीस नोंदी खणखणीत आवाजात वाचल्या आणि न थांबता शेरा वाचला. आरोपीच्या वकिलांनी तेवढेच धरले. "म्हणजे आपली मुलगी प्रेमप्रकरणातून गेली, असे आपणच नमूद केले आहे?"

"होय. तो शेरा चुकीचा आहे. तो मी लिहिला, मुलीने काही केल्यामुळे नव्हे, तर मी नीट न वाचल्यामुळे." मग ते न्यायाधीशांकडे वळले. "महाराज, तेवढी ओळ खोडून खाली सही करण्याची परवानगी मिळावी."

न्यायाधीश सौम्यपणे म्हणाले, "दाखल झालेल्या कागदात खाडाखोड करता येत नाही. आपल्या साक्षीत दुरुस्ती लिहून घेतली आहे."

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले. हा नियम त्यांनी स्वतः आयुष्यभर पाळला होता.

साक्ष संपल्यावर ते खाली उतरले. मुलगी उठली, बाकावर सरकली आणि त्यांना आपल्या शेजारी जागा करून दिली. पुढची साक्ष सुरू झाली. दोघेही शेवटपर्यंत तिथेच बसून होते. आरोपीला शिक्षा झाली.

या प्रकरणात अप्पांनी आणि मी एकच चूक केली. त्यांनी मुलीबद्दल निष्कर्ष आधी काढला आणि नोंदी नंतर पाहिल्या. मी त्यांच्याबद्दल तेच केले. पुसलेली जागा दिसली की पोलिसाला तिथे गुन्हा दिसतो. पुष्कळदा तिथे केवळ लाज असते, आणि लाजेला दरडावून बोलते करता येत नाही. चार तासांच्या चौकशीत माझा प्रत्येक प्रश्न 'काय केलेत' आणि 'काय लपवता' असा होता. मुलीने ठाण्यात आल्यावर विचारलेला प्रश्न मी बुधवारीच विचारला असता, तर दोन दिवस वाचले असते. ते दोन दिवस वाया गेले तरी निभावले, याचे श्रेय मी स्वतःकडे घेऊ शकत नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, बेपत्ता व्यक्तीच्या घरी गेलो की आधी चपला दाराबाहेर काढायचो, समोरच्यांना बसायला सांगायचो आणि विचारायचो, "तुम्हाला काय वाटलं होतं?"