काड्यांची पूजा

शहाद्याच्या कापसाच्या जिनात लोटन मिस्तरी गॅसचं वेल्डिंग करायचा आणि मी बॉयलर पेटवायचो. लढाईची वर्षं होती. मुंबईहून बॉयलरच्या दुरुस्त्यांच्या सुधारित नियमांच्या चिठ्ठ्या यायच्या, की लोटन नियमांच्या जुन्या पुस्तकात त्या कणकेच्या खळीने चिकटवायचा आणि मला गाठायचा. "नियम बदलना भो!" म्हणताना त्याचा चेहरा असा, जणू घरात पाळणा हलला. मी वैतागायचो, पण त्या आनंदावर माझा जीव होता.

त्या साली दसऱ्याच्या तोंडावर बॉयलरला चीर गेली. नवा नियम असा, की सांधा कसा करणार ते आधी कागदावर लिहायचं, तसाच एक नमुना सांधून बॉयलर तपासणाऱ्या सरकारी साहेबासमोर वाकवायचा. तुटला, तर बॉयलर थंड. मग हंगाम बुडाला आणि आमची पोटंही.

लोटनने कागद झकास लिहिला. सांध्यात वितळवायची धातूची काडी कोणती, आच किती, हात कसा चालवायचा, सगळं. खंडेनवमीला हत्यारांबरोबर काड्याही घरी पूजेला नेल्या. रंजनावहिनींनी एकेका काडीला तेल लावून हळदकुंकू वाहिलं. नवऱ्याची परीक्षा होती ना!

दसरा झाल्यावर साहेब आले. पूजेतल्याच काड्या घेऊन लोटन बसला. सांध्यात बुडबुडे उठले आणि शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरून वाकवताच नमुना कटकन मोडला.

"काड्या खराब शेतस, असं सांगी दे," जिनाचे मालक इंदरमल शेठ त्याच्या कानात पुटपुटले.

डबा घेऊन आलेल्या वहिनी दारात उभ्या होत्या. काडीवरचं तेलकट कुंकू त्यांनाही दिसलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"काड्या चांगल्या शेतस, शेठ. पुसाले मी इसरनू," लोटन मोठ्याने म्हणाला. मग कागदावर त्याने एक ओळ वाढवली: काडी वाळूने घासून, कोरडी पुसून घ्यावी. उरलेल्या काड्या त्याने तशा घासून-पुसून घेतल्या आणि पुन्हा सांधा केला. दुसरा नमुना पार दुमडला, पण तुटला नाही. साहेबांनी सही केली.

मला वाटलं, घरी वहिनींची खरडपट्टी निघणार. कसली निघते!

पुढच्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडे होतो. पूजेचं ताट घेऊन वहिनी काड्यांपाशी घुटमळत होत्या. हात पुढे करावा की नाही, कळेना त्यांना. लोटनने काड्या उचलून बाजूला ठेवल्या आणि भाजल्याच्या डागांनी भरलेले आपले दोन्ही पंजे ताटापुढे पसरले.

"काड्यासले नको वं," तो म्हणाला, "आते मन्हा हातसले लाव."