आठ वाजताची कॉपी

संध्याकाळी बरोबर आठला दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडली, पांढऱ्या ओळी सरसरू लागल्या, आणि बाळासोंनी फुली दाबून ती बंद केली. कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या ऐन डावात तडमडणारं कुणीही ते खपवून घेत नसत. कॉम्प्युटर बायकोचा आहे, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

बायको म्हणजे संयोगिता. लग्नांचे व्हिडिओ काढून ती पोट भरायची आणि पेठांच्या फुटबॉल मॅचचे काढून मन. मैदानाच्या भिंतीवर उभी राहून एका हातानं कॅमेरा धरायची, दुसऱ्यानं रेफ्रीला चप्पल दाखवायची. मागं एकदा डिस्क बिघडून एका लग्नाचं चित्रण गेलं, तर नवरीच्या मामानं दुकानाची काच तिच्या अंगावर फोडली. तेव्हापासून तिनं चार ओळींची स्क्रिप्टच लिहून ठेवली होती. रोज आठ वाजता दिवसभराच्या फायली आपोआप गारगोटीच्या बहिणीकडच्या कॉम्प्युटरवर जायच्या. ती काळी खिडकी त्याचीच; आज ती मधेच बंद झाली आणि फायली गेल्या नाहीत.

आणि आज फायनल झाली होती. दगड, बाटल्या, झेंड्यांच्या काठ्या, चेंडू सोडून सगळं उडालं. एका खेळाडूचं डोकं फुटलं आणि पोलिसांनी शेजारच्या राजवीरला उचललं. काठी घालणारा दुसराच, हे संयोगिताच्या व्हिडिओत स्वच्छ दिसत होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड मात्र तिनं नेहमीसारखं पुसून मोकळं केलेलं.

सकाळी ती पोलिसांसाठी व्हिडिओची कॉपी काढायला बसणार, तोच त्या काठीवाल्याचे चौघे सोबती हॉकी स्टिका घेऊन दुकानात शिरले.

"वैनी, बाजूला व्हा. कॉम्प्युटर फोडायचा हाय."

"फोडा की! गारगोटीत समदं पोचलंय," ती हसून म्हणाली.

बाळासोंना खोटं कधी जमलंच नाही. "अगं, न्हाय पोचलं. मीच बंद पाडलं काल."

"मुडदा बशिवला तुमचा!" म्हणत तिनं ट्रायपॉड उचलला. पहिल्याचं नाक फुटलं, दुसऱ्याचा गुडघा. एक स्टिक कॉम्प्युटरवर बसली, दुसरी तिच्या कपाळावर, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी फुटक्या कॉम्प्युटरवर पालथी पडून ती डिस्क उपसत राहिली. बाळासोंनीही एकाच्या दंडाला कडकडून चावून संसारातला आपला वाटा उचलला. गल्ली धावून आली, तेव्हा डिस्क तिच्या मुठीत होती.

दुपारी पोलिसांनी व्हिडिओ पाहिला आणि राजवीर सुटला. दवाखान्यात बाळासो बायकोच्या कपाळावरचे टाके मोजत बसले होते.

"अगं, मेली असतीस की! एका डिस्कपायी एवढं टाकं?"

"माझं काय मोजताय, पलीकडच्या खाटांवर जाऊन त्या हॉकीवाल्यांचं मोजा."