कालकथित बबन शिरसाट यांच्या स्मरणार्थ

अंबरनाथ पश्चिमेचे बबनराव शिरसाट हयात आहेत आणि वयाच्या मानाने ठणठणीत आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात, याबाबत वेगळी समजूत आहे. तिथल्या शाळेच्या आवारात हातपंप आहे. त्यावरची स्टीलची पाटी मराठीत आणि इंग्रजीत सांगते, की हा पंप कालकथित बबन शिरसाट यांच्या स्मरणार्थ त्यांचे बंधू आनंदा यांनी दिला.

प्रत्यक्षात गेला तो आनंदा. धाकटा. धम्मदीक्षेनंतर घरात जन्मलेलं पहिलं मूल म्हणून बापाने हौसेने बुद्धाच्या शिष्याचं नाव ठेवलं होतं. चाळीच्या नळाला गढूळ पाणी यायचं. सगळी चाळ तेच प्यायची, कावीळ मात्र आनंदालाच धरून बसली. कॉलेजात होता तेव्हा. पुढे आईसमोर त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं, ते आई गेल्यावरही कोणी मोडलं नाही.

बबनराव कारखान्यात फोरमन होते. निवृत्तीनंतर शेजाऱ्याने ओढून त्यांना सेवाभावी क्लबात नेलं. परदेशातल्या क्लबांना हाताशी धरून ही मंडळी कुठे चष्मे पाठवीत, कुठे पंप बसवीत. बैठकीत आधी जगाचं कल्याण आणि मग बटाटेवडे, असा क्रम होता. बबनराव 'अनुमोदन' एवढं म्हणत आणि वड्याची वाट पाहत. पण मलावीच्या पंपाचा विषय निघाला तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, "हा माझ्याकडून. भावाच्या नावाने." खाली बसताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की त्या दिवशी वडेही जरा उशिराच आले.

पाटी केली सेक्रेटरी मुकेशभाईंनी. उल्हासनगरात त्यांचं पाट्यांचं आणि ट्रॉफ्यांचं दुकान आहे. पंप बसला, फोटो आला, तो बघून बबनराव थेट दुकानात गेले.

"मुकेशभाई, तुम्ही मला मारलंत."

मुकेशभाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "साईं, तुम्ही फोनवर दोन नावं सांगितली. मोठा कोण?"

"मी."

"मग? जाणारा मोठा, पाटी लावणारा छोटा. बरसों से यही बना रहा हूं. उलटी पाटी कोणी मागितली नाही."

मुकेशभाई बरोबर बोलत होते. पाटीवरचा क्रम चुकलेला नव्हताच.

नवी पाटी फुकट करून द्यायचं ठरलं. पण तेवढ्यात तिकडच्या हेडमास्तरांचे आवाजी निरोप येऊ लागले. "मिस्टर आनंदा, आपली तब्येत कशी आहे? मिस्टर आनंदा, आज मुलांनी पंपाभोवती झाडं लावली." मोबाईलमधून ते नाव घरात घुमायचं आणि बबनरावांचा हात जागच्या जागी थांबायचा. ते निरोप पुन्हा पुन्हा ऐकायचे.

मग ते चालताना एका बाजूला सरकू लागले. अंबरनाथच्या फुटपाथवर एका माणसाला धड जागा नसते, हे दोघांपुरती सोडायचे. बाजारात पुढे चाललेला एखादा पांढऱ्या केसांचा माणूस दिसला, की पावलं त्याच्या मागे वळायची. आनंदाचे केस एव्हाना पिकले असतील, हा विचार इतक्या वर्षांत त्यांना शिवला नव्हता. आता तो जायचं नाव घेईना. आरशासमोर दाढी करताना ते मध्येच थांबत आणि आतला माणूस आधी हलतोय का ते पाहत.

"मी शकुन-अपशकुन मानत नाही," त्यांची बायको अंजनाबाई म्हणाल्या, "पण ती पाटी काढा. तिकडे तुमच्या नावाने लोक माना खाली घालतात, आणि इकडे तुम्हाला हाक मारली तर ओ येत नाही."

"पाटी बदलली की तो पुन्हा जाईल गं."

"आणि नाही बदलली तर?"



क्लबच्या हॉलमध्ये व्हिडिओ कॉल ठरला. मुकेशभाई नवी पाटी घेऊन आले होते, बबनरावांशेजारी अंजनाबाई बसल्या होत्या. बबनरावांनी चूक सांगायची आणि यांनी पाटी पडद्यासमोर धरायची. पडद्यावर पंप आला, गणवेशातली मुलं आली, हेडमास्तर आले.

"आपणच मिस्टर आनंदा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मुकेशभाईंनी कोपर मारलं. "बोला साईं."

"हो," बबनराव म्हणाले. "मीच."

मुकेशभाईंनी पाटी अर्धी वर उचलली होती, ती तशीच राहिली.

"तब्येत कशी आहे, सर?"

"बरी आहे. कॉलेजात असताना कावीळ झाली होती. बरा झालो त्यातून." बबनराव पडद्याच्या आणखी जवळ सरकले. "पाणी स्वच्छ येतं ना?"

"अगदी स्वच्छ."

"बघून घ्या हां. पोरांना गढूळ देऊ नका."

हेडमास्तर म्हणाले, आता आपल्या दिवंगत बंधूंसाठी आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहतो. तिकडे मुलं माना खाली घालून उभी राहिली. इकडे क्लबवाले सवयीने उठले, पाटी छातीशी धरून मुकेशभाईही उठले. बबनराव उठले, हात जोडून, डोळे मिटून, भावासाठी कोणी उभं राहावं तसे.

अंजनाबाई तेवढ्या बसून राहिल्या. त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं, बोटं नाडीवर ठेवून. दोन मिनिटं संपली, सगळे बसले, वड्यांचं ताट आलं. त्यांनी हात सोडला नाही.