लोणझिरीचं बीपी शंभर

हात धुण्याच्या सात पायऱ्या बेबाबाईला आजवर अकरा वेळा शिकवण्यात आल्या आहेत. चोपड्याकडच्या लोणझिरीची ती आशाताई. पंधरा वर्षं गावातली बाळंतपणं, लहानग्यांचे डोस, तापाच्या गोळ्या सगळं तिच्याच गळ्यात. गेली अकरा वर्षं मेडिकल कॉलेजची मुलं 'समाजाच्या आरोग्याच्या गरजा' शोधायला येतात आणि दरवर्षी त्यांना गरज सापडते ती हात धुण्याची. गावात नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, ही गरज मात्र अजून कुणाच्या प्रोजेक्टमध्ये बसलेली नाही. मुलं टाळ्या वाजवायला सांगतात, बेबाबाई टाळ्या वाजवते, फोटो निघतो आणि जीपही निघते.

यंदा मात्र ती मुलांची वाट बघत होती. महिन्यातल्या एका गुरुवारी गावच्या उपकेंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या मिळाव्यात म्हणून तिने दोन वर्षं आरोग्य केंद्राचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे त्या सुरू झाल्या होत्या. त्याआधी म्हाताऱ्यांना गोळीसाठी अकरा किलोमीटर जावं लागायचं. म्हणजे ते जायचेच नाहीत. आता डॉक्टरसाहेब म्हणत होते, "बेबाताई, पेशंटचा पक्का आकडा आणा, नाहीतर हा गुरुवार दुसऱ्या गावाला देतो." बेबाबाईच्या वहीत एकसष्ट नावं होती. पण आशाच्या वहीतला आकडा म्हणजे अंदाज आणि कॉलेजच्या पोस्टरवरचा म्हणजे संशोधन. तेव्हा पोस्टर हवंच होतं, आणि यंदा मुलांचा विषयही बीपी-शुगरच होता.

गटात मुलं पाच, आली चार. पाचवी हेमांगी, धुळ्याची. तिचं अक्षर सुरेख, म्हणून तिला होस्टेलवरच पोस्टर रंगवायला बसवलं होतं. अख्ख्या गटात अहिराणी कळणारी ती एकटीच, मग तिला गावात आणायचं कारणच काय!

गटाचा म्होरक्या पुण्याचा भूषण. बीपीचं मशीन एकच होतं. पहिल्या घरी त्याच्यासोबत फोटो काढून झाला आणि त्याचे सेल संपले. मग तोंडी विचारूनच लिहायचं ठरलं. भूषणने मोबाइलवर फॉर्म उघडला आणि ओट्यावर बसलेल्या धुरपदाबाईला विचारलं, "आजी, बीपी?"

"शे," म्हातारी म्हणाली.

"शुगर?"

"शे."

खानदेशात 'शे' म्हणजे 'आहे'. आपल्याला दोन्ही आहे, एवढंच ती सांगत होती. पण भूषणच्या पुण्यात शे म्हणजे शंभर, शे-दोनशेतला शे. फॉर्मच्या चौकटीत आकड्याशिवाय काही टाइप होत नव्हतं. त्याने बीपी शंभर, शुगर शंभर असं टाकलं आणि बाकीच्या तिघांनाही लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की इथले लोक आकडा ठोकळमानाने सांगतात, शे म्हणाले की शंभर समजा. बेबाबाई तेव्हा पुढच्या दारातलं कुत्रं आवरत होती. मोबाइलमध्ये काय चाललंय ते तिला कोण दाखवणार?

दुपारपर्यंत गावातली एकूण एक आजारी माणसं शंभर-शंभर होऊन ठणठणीत झाली. जे खरोखर धडधाकट होते ते 'नही' म्हणाले, तर त्यांच्यापुढे 'माहिती उपलब्ध नाही' असं पडलं.

पुढच्या महिन्यात गुरुवारी गोळ्या आल्याच नाहीत. बेबाबाई केंद्रावर गेली, तर डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, "अभिनंदन! तुमच्या गावात पेशंटच नाहीत, कॉलेजचा रिपोर्ट आलाय." तिला काही उमजेना. उमजलं ते कॉलेजात, शाल-नारळ घ्यायला बोलावलं तेव्हा. पोस्टर स्पर्धेत 'निरोगी लोणझिरी'ला पहिलं बक्षीस होतं. एवढ्या माणसांचं बीपी अगदी सारखं कसं, असं तिथल्या एकाही विद्वानाला वाटलं नव्हतं. उलट आलेखाची रेघ सरळ आली म्हणून कौतुक चाललं होतं. हेमांगीने कौतुकाने तिला पोस्टर वाचून दाखवलं. धुरपदाबाई शंभर, पुढची शंभर, त्यापुढचा शंभर. बेबाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ तिडीक गेली.

दोन शब्द बोला म्हणून तिच्या हाती माइक दिला. ती म्हणाली, "मनं नाव बेबाबाई शे. मना घर म्हैस शे. मंग या पोऱ्यासले इचारा, त्या सांगतीन मना घर शंभर म्हशी शेतस!" मग सगळ्यांना कळावं म्हणून शाळेतल्या मराठीत म्हणाली, "साहेब, शे म्हणजे आहे. माझ्या गावाला बीपी आहे. आमचा गुरुवार परत द्या."

सभागृह खदखदून हसलं. मार्गदर्शक सर म्हणाले, "बोलीभाषेचा गोडवाच वेगळा!" टाळ्या झाल्या.

एकटी हेमांगी हसली नाही. रविवारी ती स्वतः मशीन घेऊन लोणझिरीत आली आणि बेबाबाईबरोबर घरोघर फिरून तिने सगळ्यांचं मोजलं. धुरपदाबाईचं वरचं एकशे नव्वद निघालं. पण डॉक्टरसाहेबांना कॉलेजचं पत्र हवं होतं, पत्रावर गटातल्या पाचही जणांच्या सह्या हव्या होत्या, आणि सह्या केल्या तर बक्षीस परत करावं लागणार होतं. भूषण म्हणाला, "आता फाइल बंद झाली ना गं." चार सह्यांसाठी हेमांगी चार महिने भांडली. बेबाबाई दर आठवड्याला केंद्रावर जाऊन बसायची, एक-दोन पाकिटं मागून आणायची आणि ती कुणाला द्यायची या विचाराने तिचा जीव तुटायचा. एकसष्ट जणांत दोन पाकिटं.

गुरुवार परत आला तो दिवाळीनंतर. पहिलं पाकीट घेऊन बेबाबाई धुरपदाबाईच्या ओट्यावर गेली. "अक्का, गोळ्या उन्यात," ती म्हणाली.

धुरपदाबाईने डावा हात पुढे केला. उजवा भादव्यातच लकव्याने गेला होता.