भायखळ्याला मी नव्हतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ती जायला टेकली तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच जमतंय कदाचित.

भायखळा स्टेशन आता काय चकाचक केलंय! जुने दगड घासून काढले, लोखंडी खांबांना रंग दिला. लोक येऊन फोटो काढतात. परवा सून म्हणाली, बाबा, उभे राहा ना तिथे, किती जुनं स्टेशन आहे. राहिलो उभा. हसलोसुद्धा. काय करणार?

त्या फलाटावर तेव्हा एक नळ होता. गिरण्यांचा संप लांबला तसा मी त्या नळावर तोंड धुवायला लागलो — तोंड कसलं, अंगावरचा कापूस धुवायचो. सरळच सांगतो. संप चालू असताना मी चोरून भायखळ्याच्या गिरणीत रात्रपाळीला जात होतो. आमची खोली लालबागला, गावची खोली — एकाच गावचे सगळे गडी, बायकापोरं कोकणात. केसात कापूस घेऊन खोलीत शिरलो असतो तर तंगड्या मोडल्या असत्या. मोडायलाच हव्या होत्या. गावाकडे पोरं उपाशी होती म्हणू? सगळ्यांचीच होती.

धोंडू त्याच खोलीतला. माझ्या शेजारी त्याची वळकटी. पक्का साचेवाला, मागावर त्याचा हात बघत राहावा असा. संपात तो भायखळ्याच्या भाजी मार्केटात गोण्या उचलायचा आणि लाजेने हे खोलीत सांगायचा नाही. एका सकाळी नळावर आम्ही समोरासमोर आलो. माझ्याकडे बघूनच तो काय ते समजला. मला वाटलं, आता आईमाई उद्धरतो. तो एवढंच म्हणाला, "मानेर कापूस रवलो हा. पूस." आणि गेला.

मग खोलीतल्या कुणीतरी त्याला स्टेशनातून बाहेर पडताना बघितलं. सकाळच्या पारी भायखळ्याला उतरणारा गिरणीवाला म्हणजे फितूर, एवढं तेव्हा पुरायचं. खोलीची बैठक बसली. धोंडूने हमालीचं सांगितलं. कोण विश्वास ठेवतो? तेव्हा त्याने माझ्याकडे बोट केलं — "ह्येका इचारा. ह्येना माका थंय बघल्यान हा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुसतं हो म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता ना — तू रे तिथे काय करत होतास?

मी म्हणालो, "मी कशाला मरायला जाऊ भायखळ्याला?"

धोंडूने खाली बसून वळकटी बांधायला घेतली. कापसाचा शब्द काढला नाही. का नाही बोललास रे मेल्या? बोलला असतास तर निदान तुझा राग तरी करता आला असता! त्याची ट्रंक गॅलरीत नेऊन ठेवायला दोघे उठले. त्यातला एक मी. तो गावी गेला, पण बातमी त्याच्या आधी पोचली होती. शिमग्यात देवाच्या पालखीला त्याचा खांदा कुणी लागू दिला नाही — मरेपर्यंत नाही.

चाळ पाडून टॉवर करायचं ठरलं, तेव्हा गावकऱ्यांच्या बैठकीला धोंडूची बायको आली. मला वाटलं, जागेतला वाटा मागेल. ती म्हणाली, "आमच्या ह्येंका फितूर म्हटलात, तां येकदा मागे घेवा. माका दुसरा काय नको."

जुन्यांपैकी मी एकटाच उरलो होतो, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. संप कधीच मेला होता. गिरणी नव्हती, गेट नव्हतं, माझं कोण काय वाकडं करणार होतं? तरी जीभ उचलली नाही — म्हणजे उचलली, पण कशाला?

"वहिनी," मी म्हणालो, "झालं गेलं कशाला उकरायचं आता?"

ती उठली. तिला जिन्यापर्यंत सोडायला मीच गेलो. नवऱ्याचा दोस्त, वयाने मोठा, म्हणून ती वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.