पाठ फिरवायची तालीम

हात कपाळाला लावला की माणूस गुलाम आणि दोन्ही हात जोडले की स्वतंत्र, हे शास्त्र मला शिकवलं आमच्या नव्या साहेबानं. पोलिस ॲक्शनला वर्षही उलटलं नव्हतं. निजामाची राजवट गेली, औरंगाबादच्या कचेरीत बाहेरून अधिकारी येऊन बसले, आणि आम्हा जुन्या कारकुनांना माणसात आणायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. जसं काही तोवर आम्ही झाडावरच राहत होतो!

माझ्या सवयी मला पेशकारसाहेबांनी लावलेल्या. वरिष्ठांपुढं कागद पेश करणारे ते पेशकार, कचेरीतले सगळ्यात जुने, मुसलमान, आणि मी मॅट्रिक होऊन वणवण करत होतो तेव्हा मला इथं चिकटवणारे तेच. त्यांनी मला उर्दू मसुदा नंतर शिकवला, आधी उभं राहायला शिकवलं. वरिष्ठांपुढं गेलं की जरा झुकून उजवा हात कपाळाशी न्यायचा, तो आदाब. बोलताना नजर त्यांच्या कागदावर ठेवायची. थोरांच्या डोळ्यांत रोखून बघणारा भांडायला आलेला असतो. निघताना पाठ दाखवायची नाही, चार पावलं मागं सरकत दारापाशी यायचं आणि मग वळायचं. मला हे कधी गुलामीचं वाटलं नाही. पेशकारसाहेब म्हाताऱ्या शिपायालासुद्धा आदाब करायचे, तोही त्याच्या आधी हात उचलून.

नव्या साहेबासमोर मी पहिल्यांदा असाच गेलो आणि असाच मागं सरकत निघालो. साहेबानं टेबलावर रूळ आपटला.

"हे काय माकडचाळे? चेष्टा करताय माझी?"

"नाय साहेब."

"मग माझ्याकडे बघून बोला! नजर चोरणारा माणूस मनात काहीतरी लपवून असतो. जुनी हुजरेगिरी अजून गेली नाही तुमच्या अंगातून. महिनाभर बघतो. सुधारलात तर ठीक, नाहीतर घरी बसा."

एवढं सुनावून त्यानं फाइल माझ्याकडं फेकली, ती डाव्या हातानं. आमच्याकडं डाव्या हातानं कुणाला सुपारीचं खांडसुद्धा देत नसत. आणि हा मला रीत शिकवणार, डोंबल!

पण नोकरी त्याच्या हातात होती. घरात आई, बायको, पाळण्यात मुलगी आणि कमावणारा मी एकटा. नोकरीवरून काढलेल्या माणसाला त्या दिवसांत कुणी दारात उभं करत नव्हतं.

तेव्हाच पुण्याहून माझा मेहुणा येऊन राहिला होता. लई शहाणा. "भावजी, तुमच्या अंगात निजाम भिनलाय," म्हणाला आणि ओसरीवर रोज संध्याकाळी तालीम सुरू केली. स्टुलावर साहेब म्हणून बसवलं माझ्या बायकोला. पहिल्या दिवशी ती "इश्श, मी नाही बाई" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून अशी काही रुळली की विचारू नका. "अहो, हात! चालला बघा परत कपाळाकडं!" आता मला हात जोडता येत नव्हते असं नाही. देवळात जोडतच होतो. पण समोर टेबल आणि साहेब म्हटलं की उजवा हात आपला आपण उठायचा. पाठ फिरवणं तर त्याहून अवघड. बायकोकडं पाठ करून चालतानाही मला घाम फुटायचा. मेहुणा ओरडायचा, "ताठ चाला! स्वतंत्र देशाचे नागरिक आहात तुम्ही!" हाच नागरिक स्वतःच्या सासऱ्यापुढं तोंडातून शब्द काढत नव्हता, मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आणि आमचा साहेब? एकदा त्याच्या वरचा अधिकारी वेरूळ बघायला म्हणून आला. साहेब मोटारीपाशी कमरेत वाकून, हात पोटाशी बांधून उभा. वरचा हसल्याशिवाय हा हसेना. ही शिस्त, बरं का! आम्ही केली की ती हुजरेगिरी.

महिना संपत आला होता. पेशकारसाहेबांना तोवर घरी बसवलेलं. ते कायमचे हैदराबादला लेकीकडं निघाले होते, आणि जाण्याआधी आपला एक कागद घ्यायला कचेरीत आले. मी साहेबाच्या खोलीतच उभा होतो. म्हाताऱ्यानं दारातून साहेबाला आदाब केला. साहेबानं मान वर केली नाही. मग ते माझ्याकडं वळले, आणि त्यांचा हात नेहमीसारखा माझ्या आधी उठला.

माझाही उठला. खांद्यापर्यंत गेला असेल. तेवढ्यात साहेबानं मान वर केली आणि माझा हात कुठं चाललाय ते बघत राहिला. मी हात खाली आणला, दोन्ही तळवे जोडले, पेशकारसाहेबांच्या डोळ्यांत थेट बघितलं आणि म्हणालो, "नमस्कार." मग त्यांच्याकडं पाठ फिरवून ताठ चालत कपाटाकडं गेलो. सगळं बिनचूक. ओसरीवर एकदाही इतकं साधलं नव्हतं.

"आता कसं!" साहेब म्हणाला.

लाज वाटली का? वाटली. पण खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं. नोकरी वाचली, हेच पहिलं मनात आलं. थू असल्या मनावर!

कागद काढून वळलो, तर पेशकारसाहेबांनी कपाळाशी नेलेला हात खाली घेतला होता. काठी काखेत दाबून ते दोन्ही हात जोडत होते. सवय नव्हती, एक हात वर आणि एक खाली होत होता, काठी घसरत होती. शेवटी तळवे जुळले तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "ऐसाच करते ना, बेटा?"

टोमणा असता तर मी सुखानं ऐकून घेतला असता. टोमणा नव्हता. मला आता असंच आवडतं, तर जाता जाता माझ्या मनासारखं करावं, एवढंच त्या माणसाच्या मनात होतं. त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं मला. पण साहेब बघत होता. मी कागद पुढं केला आणि म्हणालो, "हां, ऐसाच."