वसंतरावांची पाहणी

आमच्या कामात रिपोर्ट तीन पानांचा आणि किस्से पोतंभर! नव्वदच्या दशकात मी शहापूरला वसंतरावांकडे असिस्टंट म्हणून लागलो. बँकांसाठी ते घरांची, प्लॉटची पाहणी करायचे. पूर येतो का, डोंगर खचतो का, वारा छप्पर नेतो का, ते बघायचं. रिपोर्टात न बसलेलं सगळं माझ्याकडे साचत गेलं.

किन्हवलीजवळ नदीकाठचा एक प्लॉट होता. मे महिना, नदी कोरडीठाक. मालक छातीठोकपणे म्हणाला, "पाणी इथवर कधीच नाय आलं!"

वसंतरावांनी वर बघितलं. उंबराच्या फांदीत, आमच्या डोक्यांच्याही वर, गाळानं माखलेली फाटकी साडी अडकली होती.

"मग ही वाळत घालायला शिडी कोणी आणली?"

मुरबाडकडे एका मास्तरांचे पत्रे वाऱ्यानं उडाले होते. नव्या पत्र्यांना त्यांनी डबल बोल्ट मारले. वसंतरावांनी भिंतीवरचे सुटे वासे हलवून बघितले. "पत्रे आता नाही उडायचे, मास्तर. उडाले तर वाशांसकट!"

मास्तरांचा चेहरा उतरला. वसंतरावांनी तिथंच गवंडी बोलावला, वासे भिंतीत कसे जखडायचे ते समजावलं, मगच जेवणाचा डबा उघडला.

एक किस्सा माझ्या चुकीचा. डोळखांबच्या बाजूला, उतारावरच्या फार्महाऊसला मी एकटाच गेलो. 'धोका नाही' लिहीत होतो, तेवढ्यात मोळी घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"दादा, झाडां बघ ना, बुडातून सगली वाकलीत. पावसात आमी हितं गुरां पन नाय बांधत."

मी हसून सही केली आणि ऑफिसात ती गंमत म्हणून सांगितली. वसंतरावांनी रिपोर्ट फाडला. "उतार सरकतो तेव्हाच झाडं बुडातून वाकतात. सही तू केलीस, पाहणी त्या बाईनं केली!"

आणि हा शेवटचा. दोन हजारनंतरचा, ऐन श्रावणातला. डोंगर कापून बांधलेल्या एका बंगल्याची पाहणी होती. मागच्या जमिनीला भेग पडलेली, वसंतरावांचा हात कोपरापर्यंत आत गेला. खाली सात घरांचा पाडा. बंगला सोडून ते तडक तिकडं उतरले. पाड्यातला सगळ्यात म्हातारा कालुराम, त्याला म्हणाले, "आजच्या आज शाळेत चला."

"आमचं घर बघाया तुमाला कोनी धाडलं?" कालुरामनं विचारलं.

"कोणी नाही."

 कालुराम आत वळून बायकोला म्हणाला, "गो, भांडी बांध."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी डोंगर खाली आला. माणूस एकही गेलं नाही. घर एकही उरलं नाही.

पाऊस उघडल्यावर आम्ही कालुरामबरोबर वर गेलो. सगळा लाल चिखल, त्याच्या दारातलं मोहाचं झाड तेवढं उभं. मोहापाशी कालुराम थांबला, दोन पावलं चिखलात गेला आणि मागं वळला.

"या साहेब, आत या."

वसंतरावांनी मोहाखाली चपला काढल्या आणि आत गेले.